हातावरचं दही

शकुंतलेच्या हातचं दही एके काळी झाशीच्या सगळ्या प्रेम नगरात नावाजलेलं होतं. सुरी घातली तर वडी निघावी असं घट्ट, आणि गोड. झाशीचा उन्हाळा ज्यानं भोगलाय त्यालाच ठाऊक. सकाळी लावलेलं दही दुपारी तोंडात घालवत नाही. पण हिचं दही आंबलेलं कुणी कधी चाखलं नाही. दूध किती कोमट हवं ते करंगळी बुडवून बघायची, विरजण चमच्याच्या टोकावर घ्यायची, आणि मडकं कोठीच्या खोलीत गव्हाच्या डब्यामागं नेऊन ठेवायची. शेजारची रेवा हटकून विचारायची, "भाभी जी, जामन तो हम भी आप ही से ले जाते हैं, फिर हमारा ऐसा क्यों नहीं जमता?" शकुंतला नुसती हसायची. हसेल नाही तर काय, बाईमाणसाच्या वाट्याला एवढं तरी कौतुक नको?

अशा बाईच्या घरात गेली कित्येक वर्षं दह्याचा थेंब नाही. आल्यागेल्याला नवल वाटायचं. महाराष्ट्र मंडळाच्या बायका आपापसांत कुजबुजायच्या, पण तोंडावर कुणी विचारत नसे, कारण ते का, हे सगळ्यांना माहीत होतं.

शकुंतलेचे यजमान रघुनाथराव मूळचे मिरजेकडचे. तरुणपणी कारखान्यात नोकरी लागली म्हणून झाशीला आले आणि इथलेच झाले. ट्रान्सफॉर्मर तयार झाला की तो तपासून पास करायचा, हे त्यांचं काम. आकडा जरा इकडचा तिकडं दिसला की माल परत. "चालतंय हो साहेब" असं त्यांच्यासमोर म्हणायची कुणाची छाती नव्हती. शकुंतला बरोबर उलटी. तिचं माहेर झाशीतलंच, कैक पिढ्यांपूर्वी दक्षिणेतून आलेलं भिक्षुकाचं घराणं. उपासाला काय चालतं, मुहूर्त टळला तर काय करायचं, सोवळं कुठं नि किती सैल करता येतं, या सगळ्या पळवाटा तिला लहानपणापासून पाठ. तिचे वडील म्हणायचे, देवाला आपली अडचण कळते. रघुनाथरावांना हे कधी पटलं नाही. ते देवळातही फारसे जात नसत, पण एकदा कबूल केलं म्हणजे केलं.

दोन मुलं. थोरली आभा, लग्न होऊन ग्वाल्हेरला दिलेली. धाकटा तेजस.

तेजसला झाशीजवळच्या मोठ गावातल्या एका बँकेत नोकरी लागली ते कोरोनाच्या आदलं वर्ष. घरातून कुणी परीक्षेला, नव्या कामाला, लांबच्या वाटेला निघालं की हातावर दहीसाखर ठेवायची, ही शकुंतलेच्या घरची कधी न चुकलेली रीत. तो रुजू व्हायला निघाला त्या दिवशीही तिनं ठेवली. तेजस दारात उभा, एका हातात हेल्मेट, दुसरा तळवा पुढं केलेला. त्यानं दही चाटलं आणि ओला हात नव्याकोऱ्या पँटला पुसला. "अरे घोड्या, नवी पँट!" शकुंतला ओरडली. तो हसला, मोटरसायकलला किक मारली आणि गेला. रघुनाथराव तिथंच बूट घालत होते.

तो बँकेत पोचलाच नाही. मोठ गावाच्या अलीकडे कानपूर रस्त्यावर ट्रकनं त्याला उडवलं. शकुंतलेनं मुलाला शेवटचं काय म्हटलं असेल, तर 'नवी पँट'. बाई हे कुणाला सांगत नाही, पण पातेलं घासतानासुद्धा मध्येच तिचा हात थांबतो तो याच शब्दांनी.

कोरोना ओसरल्यावर दोघं गयेला गेली, मुलाचं करायला. सगळे विधी झाल्यावर वडाखाली पंड्यानं सांगितलं, आता आपल्या आवडीचा एक पदार्थ सोडा, जन्मात परत खायचा नाही. लोक यातही हुशार असतात. कुणी कारलं सोडतं, कुणी असलं फळ की जे आपल्या भागात पिकतच नाही. शकुंतलेनं फणस सोडला. तिला फणसाच्या वासानंच मळमळायचं. पंड्यानं रघुनाथरावांकडं पाहिलं.

"दही," ते म्हणाले.

"बाबू जी, दही मत छोड़िए," पंडा म्हणाला. "पूजा-पाठ में लगता है, पेट को ठीक रखता है। कोई फल छोड़ दीजिए।"

"दही," ते पुन्हा म्हणाले, आणि हातावरचं पाणी सोडून मोकळे झाले.

शकुंतलेनं मनात हिशेब मांडला. दही कुणाच्या हातचं होतं? तिच्या. हातावर कुणी ठेवलं होतं? तिनं. बायकोकडं न बघता या माणसानं नेमकं तेच सोडलं, याचा अर्थ आणखी दुसरा काय घ्यायचा? परतीच्या गाडीत विचारावंसं तिला शंभरदा वाटलं. पण ते 'हो' म्हणाले असते तर? मग तिनं कुठं जायचं होतं? तिनं विचारलं नाही. घरी आल्यावर उरलंसुरलं विरजण गायीला घातलं, मडकं धुऊन माळ्यावर टाकलं. तिला कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. तेव्हापासून नवरा-बायको एकमेकांशी भाजीपाला, लाइटबिल आणि आभाच्या तब्येतीबद्दल बोलत. बाकी घर गप्प.

निवृत्तीनंतर रघुनाथरावांना पित्तानं धरलं. आधी नुसती छातीत जळजळ, मग घशाशी आंबट पाणी, मग जेवण झालं की तासभर खुर्चीत पाठ टेकून, डोळे मिटून बसायचं. खिशात गोळ्यांची पाकिटं खुळखुळायला लागली. सकाळी रिकाम्या पोटी कडक चहा, दुपारी लोणच्याशिवाय घास उतरत नाही, रात्री इच्छा झाली तर जेवण, नाही तर नाही. असं राहिल्यावर पोट काय करील बिचारं? शकुंतला बोलून थकली. शेवटी इलाइट चौराह्याजवळच्या डॉक्टरांकडं ओढूनच नेलं.

डॉक्टर तरुण होता, बोलायला गोड. "अंकल जी, चाय बंद। मिर्च, अचार, तला हुआ, सब बंद। खाली पेट रहना नहीं है, थोड़ा-थोड़ा, समय पर। और दही-चावल खाइए, घर का ताज़ा दही। आंटी जी, आप तो जमाती होंगी घर में?"

शकुंतला नुसती मान हलवून राहिली. पण खोटं कशाला सांगू, परत येताना ऑटोत तिला आनंद झाला होता. नवरा छातीवर हात धरून शेजारी बसलेला आणि हिच्या मनात, आता तरी माझ्या हातचं दही खातील. आपल्याला आनंद झालाय हे कळल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. पण आनंद काही गेला नाही.

घरी आल्यावर तिनं विषय काढला. रघुनाथरावांनी चपला काढल्या, खुर्चीत बसले. "बाकी सगळं पाळीन. दही नाही."

"अहो, औषध म्हणून. औषधाला दोष नसतो. माझे बाबा असते तर त्यांनी हेच सांगितलं असतं."

"औषधाला गोळ्या आहेत."

मग आभाचा फोन. ती मराठी-हिंदीची खिचडी करून बोलते. "बाबा, ताक तर घेऊ शकता ना? वो तो दही नहीं है!"

"ताक कशाचं होतं गं?" रघुनाथरावांनी विचारलं, आणि फोन शकुंतलेच्या हातात दिला.

एवढं मात्र खरं, बाकीचं पथ्य त्यांनी अक्षरशः पाळलं. चहा सुटला, लोणच्याची बरणी आतल्या फडताळात गेली. दुधी, मुगाची खिचडी, केळं, ठरल्या वेळी. जळजळ उठली की थंड दूध. दुधानं घटकाभर बरं वाटायचं, मग दुप्पट जळायचं. माणूस पार वाळत चालला. शर्टाच्या कॉलरमधून मान बाहेर आलेली बघून शकुंतलेचा जीव तुटायचा. एक मूल गेलं, आता हाही जाणार, आणि जाणार कशानं, तर दह्यावाचून! तिला राग आला. नवऱ्याचा आला, गयेच्या पंड्याचा आला, आणि मेलेल्या पोराचाही आला. मग ती पदरात तोंड खुपसून रडली.

श्रावण लागला तशी ती रेवाकडं गेली. "तेरे यहाँ दही जमाऊँगी मैं," एवढंच म्हणाली. रेवानं कारण विचारलं नाही. भाभी जींचं दही परत मिळणार म्हणून तिला बरंच वाटलं. मडकं माळ्यावरून उतरून भिंतीपलीकडं गेलं.

युक्ती अशी. शकुंतलेनं घरात जाहीर केलं की रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी खाल्ला की पित्त बसतं, आभानं कुठंसं वाचलंय. असा भात आंबूसच लागतो. त्यात रेवाकडचं वाटीभर दही मोडून कालवायचं, वर जिऱ्याची पूड, चिमूटभर सैंधव. रंग पांढरा, चव आंबट, कोण ओळखणार? पहिल्या दिवशी तिनं ताट पुढं ठेवलं. रघुनाथरावांनी घास घेतला.

"आंबट आहे."

"भिजवलेला भात आंबटच असतो," ती म्हणाली आणि ओट्याकडं वळली.

ते जेवले. दुसऱ्या दिवशी जेवले, तिसऱ्या दिवशीही. आणि फरक पडला हो! खुर्चीत टेकून बसणं कमी झालं. खिशातलं पाकीट टेबलावरच विसरायला लागलं. एका सकाळी ते आपण होऊन म्हणाले, "आज जरा भात जास्त वाढ." शकुंतला ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि तिथं एकटीच हसली. तिच्या हातचं दही त्यांच्या पोटात जात होतं आणि ते जिवंत होते. ते दही विष नव्हतं, त्यानं कुणी मरत नव्हतं. हे तिला ओरडून सगळ्या गल्लीला सांगावंसं वाटत होतं, आणि सांगता तर कुणालाच येत नव्हतं.

पितृपक्ष आला. तेजसच्या तिथीला रघुनाथराव दर वर्षी स्वतः तर्पण करत. त्या सकाळी शकुंतला रेवाच्या दारात वाटी घेऊन उभी राहिली आणि तिचं मन कचरलं. आजचा दिवस नको. पण तर्पण होईपर्यंत दुपार होणार, उपाशी पोटी पित्त उसळणार, आणि संध्याकाळी पुन्हा ते छाती धरून बसणार. देवाला आपली अडचण कळते, तिनं स्वतःला समजावलं. दुपारी पानात थोडा भिजवलेला भात वेगळा वाढलाच.

पितृपक्ष संपला त्यानंतरची गोष्ट. मंडळात कोजागिरीच्या तयारीची बैठक होती, म्हणून शकुंतला सकाळी लवकर बाहेर पडली. रेवाला वाटलं, भाभी जी आज दही न्यायच्या विसरल्या. बिचारी स्वतः वाटी घेऊन आली.

शकुंतला परतली तेव्हा वाटी जेवणाच्या टेबलावर मधोमध होती. वरचं झाकण काढून बाजूला ठेवलेलं. रघुनाथराव समोर बसले होते.

"रेवा देऊन गेली," ते म्हणाले. "म्हणाली, भैया जी, भाभी जी के दही से ही आपका पेट ठीक हुआ है."

शकुंतला उभीच राहिली. पिशवीसुद्धा खाली ठेवायचं सुचेना.

"कधीपासून?"

"श्रावणापासून."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. कारखान्यात माल परत करताना ते आवाज चढवत नसत म्हणे. तसेच शांत होते. "म्हणजे तेजसच्या तिथीलाही."

"अहो, तुम्ही मरायला टेकला होतात! मी काय बघत बसायचं होतं? एक गेला तो पुरे नाही झाला?"

"त्याच्यासाठी मला काहीच करता आलं नाही गं," रघुनाथराव म्हणाले. "बूट घालत बसलो होतो. हेल्मेट नीट लाव एवढंही म्हटलं नाही. दही सोडलं, तेवढंच काय ते त्याच्या नावानं माझ्याकडं होतं. तेही आता नाही."

इतक्या वर्षांत ते एवढं सलग कधी बोलले नव्हते. शकुंतलेच्या ओठांवर तो जुना प्रश्न आला. आलाच. "माझ्या हातचं होतं म्हणून सोडलंत ना?"

त्यांनी वाटीवर झाकण ठेवलं. 'नाही' म्हणायला एक शब्द लागतो. तो त्यांनी उच्चारला नाही. 'हो'ही म्हणाले नाहीत. "मला माहीत नाही," म्हणाले, आणि उठून बाहेरच्या खोलीत गेले. ते खोटं बोलत नव्हते हे तिला कळलं, आणि तेच तिला जास्त लागलं.

शकुंतलेनं वाटी मोरीत उपडी केली. रेवाकडं जाऊन मडकं आणलं, विरजणासकट रिकामं केलं. रेवा विचारत राहिली, "हमसे कोई गलती हो गई क्या, भाभी जी?" तिला काय सांगणार? "नहीं री, तेरी क्या गलती," एवढं म्हणून ती घरी आली.

भिजवलेला भात बंद झाला. रघुनाथराव ताटात पडेल ते मुकाट्यानं खात, पण पूर्वीचं पथ्य पाळायची जिद्द गेली. चहा परत सुरू झाला. शकुंतलेनं हात धरला नाही, कारण आता कुठल्या तोंडानं धरायचा? दिवाळीपर्यंत जळजळ दुपटीनं वाढली. मग अन्न वर यायला लागलं, घास गिळताना अडकायला लागला. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. या वेळी ते गोड बोलले नाहीत. "आंटी जी, यह सिर्फ़ एसिडिटी नहीं लग रही। दूरबीन से देखना पड़ेगा, जल्दी।" त्यांनी विचारलं, असं कधीपासून होतंय, मधल्या काळात तपासायला का नाही आणलं?  बरं वाटत होतं म्हणूनच आणलं नव्हतं. दह्यानं पोट निवलं म्हणून दोघांनाही वाटलं की बाकी सगळं ठीक असेल. आतमध्ये काय वाढत होतं, ते दह्याला काय माहीत?

दुर्बिणीची तपासणी ग्वाल्हेरला करायची ठरली. आभाच्या नवऱ्याची, पियूषची, तिथं ओळख होती. तोच गाडी घेऊन झाशीला आला. रघुनाथराव शकुंतलेला म्हणाले, "तू नको येऊस. घराला कुलूप कशाला." घराला कुलूप लावून ही दोघं गयेला जाऊन आली होती, पण तिनं वाद घातला नाही.

सकाळी पियूषनं पिशव्या गाडीत ठेवल्या. रघुनाथराव दाराशी स्टुलावर बसून बूट घालत होते. पँट कमरेला सैल झाली होती, पट्ट्याला नवं भोक पाडलेलं. शकुंतला पाण्याची बाटली घेऊन मागं उभी होती. ती पुढं करताना लक्षात आलं की तपासणीआधी पाणीसुद्धा चालणार नाही, म्हणून परत पदराआड घेतली.

बूट घालून ते उठले. उंबऱ्याशी आले, थांबले. आणि तिच्याकडं न बघता त्यांनी उजवा तळवा पुढं केला. अगदी तेजस करायचा तसा, बोटं जरा आत वळवून.

शकुंतलेला क्षणभर कळेना. मग कळलं. हाच हात आपल्यासमोर यावा म्हणून तिनं किती वर्षं वाट पाहिली होती! आता ते मागत होते. भीतीनं मागत होते, की सोडलेलं मोडलंच आहे म्हणून मागत होते, की तिच्यासाठी मागत होते, हे विचारायला वेळ नव्हता. घरात दही नव्हतं. भिंतीपलीकडं हाक मारली असती तर रेवानं वाटी दिली असती, धावत आणून दिली असती. पण लांबच्या वाटेला निघालेल्या माणसाच्या हातावर दही ठेवायचं? तिनं? पुन्हा?

"अहो," ती म्हणाली, "उपाशीपोटी यायला सांगितलंय ना."

"हो, खरंच की," रघुनाथराव म्हणाले.

पियूषनं हॉर्न दिला. त्यांनी हात मागं घेतला आणि सवयीनं पँटला पुसला. हात कोरडाच होता.